बर्फाविना बर्फाचे घर

थंडीच्या दिवसांत हवा पालटायला माणसे महाबळेश्वरी जातात, ज्यांची ऐपत मोठी ती सिमल्याला जातात. पण बर्फाचे घर पाहायला कोणी डोकमर्डीला गेल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. मी मात्र गेलो. गेल्या पौषात एका तरुण मित्राचा फोन आला, "काका, सवड काढून या. आम्ही डोकमर्डीत बर्फाचे घर बांधणार आहोत." मी म्हटले, "अरे, तुमच्याकडे बर्फ मासळीबाजारात तरी मिळतो का?" तो हसला आणि म्हणाला, "तेच तर पाहायला या."

हा मुलगा मला भेटला तो आपल्याच मुलखात. पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदयात्रा आपल्या कोल्हापूरकरांना नवी नाही. एका वर्षी त्या वाटेवर हा वारली पोरगा आमच्या तुकडीत आला होता. मसाईच्या पठारावरून उतरल्यावर पावसाने असे झोडपले की आम्ही दहाबारा जण एका धनगरवाड्यावरच्या खोपटात शिरलो. बाकी सारे कपडे पिळण्यात दंग होते, आणि हा पोरगा भिंतीवरून हात फिरवीत उभा होता. मला म्हणाला, "काका, हा आमच्याच घरासारखा कूड आहे." कारवीच्या काठ्या उभ्या लावून, वरून माती-शेणाने लिंपलेली ती भिंत. मी करवीरनगरीत जन्म काढला, गगनबावड्याच्या बाजूला सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी पाहायला हौसेने गेलो, पण त्या कारवीचे पुढे काय होते, हे मात्र मी पाहून न पाहिल्यासारखे केले होते. त्या दिवशी आमची ओळख झाली ती टिकली.

तर महालक्ष्मीने मुंबई, तिथून वापी, आणि वापीहून दादरा ओलांडून सिल्वासा. डोकमर्डी सिल्वासाला लागूनच आहे. दमणगंगेचा हा मुलूख कोल्हापूरकरांना अगदीच परका मानू नये. पोर्तुगीजांच्या ताब्यातून २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके होते. आणि फडक्यांचा जन्म १९१९ सालचा, आपल्या कोल्हापुरातला. गाणे घराघरांत पोचलेला हा माणूस ऐन पावसाळ्यात हत्यारबंद तरुणांबरोबर या सरहद्दीवर होता, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगतो की नाही, कोण जाणे.

तेव्हाच्या आणि आजच्या मुलखात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. १९६१ च्या शिरगणतीत या साऱ्या प्रदेशाची वस्ती ५८ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. कारखाने आले, त्यामागून चाळी आल्या, चारमजली इमारती आल्या. भातखाचराच्या बांधावर उभे राहिले की एका बाजूला ताडाची झाडे आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याच्या पत्र्याच्या भिंती, असे आजचे दृश्य. माझा तरुण मित्रही अशाच एका कारखान्यात पाळीवर जातो. मागल्या वर्षी रजा साठवून तो हिमाचलात गिर्यारोहणाच्या शिबिराला गेला. आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा दार्जिलिंगला निघाली तीही नोव्हेंबर १९५४ मध्ये, म्हणजे सिल्वासा मुक्त झाल्यावर तीनच महिन्यांनी. शिबिरात हा मुलगा दोर, कुदळ, गाठी असे पुष्कळ काही शिकला. पण घरी आल्यावर तो बोलत राहिला ते एकाच गोष्टीविषयी. बर्फात बर्फाचाच निवारा करून तो एक रात्र झोपला होता आणि त्याला थंडी वाजली नव्हती!

हे गौडबंगाल त्याने आपल्या मित्रमंडळींना समजावून सांगितले, तेच मी थोडक्यात वाचकांपुढे ठेवतो. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात बर्फ थोडा आणि हवा फार. ही कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्या गोधडीचे रहस्यही तेच. म्हणून हिमात अडकलेला माणूस बर्फाचा ढीग रचतो, तास-दोन तास तो बसू देतो, आणि मग आतून पोखरतो. ढिगात आधीच वीतभर-हातभर लांबीच्या काटक्या चहूकडून खोचून ठेवतात. पोखरताना आतून काटकीचे टोक लागले की थांबायचे, म्हणजे भिंत सगळीकडे सारख्या जाडीची राहते. दार ठेवायचे खाली आणि झोपायचा ओटा वर, कारण ऊब वर चढते आणि गारठा खाली बसतो. आणि छताला एक भोक हवेच हवे. नाहीतर श्वासाने आणि दिव्याच्या धुराने आतली हवा विषारी होते, आणि माणूस न गोठता मरतो.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचे इग्लू याहून पुढची पायरी. ते लोक घट्ट बसलेल्या बर्फाच्या विटा लांब सुरीने कापतात. पहिल्या ओळीची एक बाजू उतरती तासतात, म्हणजे पुढची ओळ आपोआप वर चढत गोल गोल फिरत जाते, आणि शेवटी शेंड्याला एकच वीट बसवून घुमट मिटतो. बाहेर पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश असला तरी आत माणसांच्या अंगाच्या आणि दिव्याच्या उबेने तो शून्याच्या आसपास येतो. १९२२ साली निघालेल्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या मूकपटात इग्लू बांधण्याचे दृश्य आहे. त्यात बर्फाच्या भिंतीला पारदर्शक गोठलेल्या पाण्याची खिडकीही बसवलेली दिसते. मौज अशी की आतले दृश्य टिपायला उजेड पुरेना, म्हणून दिग्दर्शक फ्लाहर्टी यांनी एक बाजू उघडी असलेला अर्धाच इग्लू बांधवून घेतला, आणि त्या बिचाऱ्या कुटुंबाला झोपण्याचे सोंग उघड्यावर करावे लागले!

हे सारे ऐकून डोकमर्डीच्या मुलांना चेव चढला. अकरा मुलगे, पाच मुली, अशी ही सोळा जणांची टोळी. तिला ना नाव, ना फलक, ना अध्यक्ष. कोणी कॉलेजात, कोणी कारखान्यात, एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेणारी. वारली, कोकणा, धोडिया, आणि दोघे-तिघे बाहेरून येऊन इथलेच झालेले. दर हिवाळ्यात ते एक सहल काढतात. यंदा ठरले की कुठे लांब जायचे नाही, मित्राच्या घरामागच्या कापणी झालेल्या खाचरात दोन दिवस राहायचे, आणि बर्फ नाही तर भाताच्या पेंढ्यांचा इग्लू बांधायचा. पेंढ्यातही हवाच कोंडलेली, तेव्हा तत्त्व तेच, असा त्यांचा हिशेब.

मी पोचलो तेव्हा काम ऐन रंगात होते. दोरीने जमिनीवर वर्तुळ आखलेले. घट्ट आवळलेल्या पेंढ्या विटांसारख्या रचल्या जात होत्या. पहिली ओळ उतरती, मग चढती, सारे पुस्तकाबरहुकूम. घरामागच्या ओट्यावर मित्राचा आजा विडी ओढीत बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला मफलर, अंगात नातवाचा जुना स्वेटर. मी शेजारी जाऊन बसलो. "बाबा, काय म्हणता, जमेल का पोरांना?" त्याने धूर सोडला आणि मान हलवली, ती होकाराची की नकाराची, ते मला कळले नाही.

चार ओळी उभ्या राहिल्या. पाचवी आत झुकू लागली, आणि सारा घुमट सुस्कारा टाकावा तसा आत बसला. आत उभी असलेली परिचारिका मुलगी पेंढ्यात गळ्यापर्यंत बुडाली. हशा पिकला. पुन्हा रचले, पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही. उन्हे उतरली होती, आणि रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न आता गमतीचा राहिला नव्हता.

तेव्हा म्हातारा ओट्यावरून उतरला. त्याची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. मी ती माझ्या मराठीत देतो. त्याने नातवाला विचारले, "तुझा तो बर्फ, एकमेकाला धरतो का?" मुलगा म्हणाला, "धरतो, आजा. थोडा वेळ ठेवला की कण कणाला चिकटतो, दगडासारखा होतो." "मग तो न बांधता राहील," म्हातारा म्हणाला. "पेंढा पेंढ्याला धरत नाही. त्याला आपण धरायचे असते."

पुढे जे घडले ते सांगण्याआधी एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे. ती मला त्याच संध्याकाळी मुलाने सांगितली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे कुटुंब कुडाच्या घरात राहत होते. मुलाच्या पगारावर कर्ज निघाले, विटांचे घर झाले, वर स्लॅब पडला. जुना कूड मुलानेच मित्रांना घेऊन एका दुपारी पाडला. कारवीच्या काठ्या परसात टाकल्या, आणि तेव्हापासून त्या एकेक करून चुलीत जात होत्या. म्हाताऱ्याने त्या ढिगातल्या सरळ, न किडलेल्या काठ्या वेचून, मोळ्या बांधून, वळचणीला टांगून ठेवल्या होत्या. का, ते कोणी विचारले नव्हते. मुलाची समजूत अशी की आजाला जुने घर गेल्याचे दुःख आहे. म्हणून तो विषय घरात कोणी काढीत नसे.

म्हाताऱ्याने त्या मोळ्या खाली काढायला सांगितल्या.

मग कामाची सारी रीतच बदलली. गोल पुसून लांबट चौकोन आखला गेला. मेढी, म्हणजे वर दुबेळके असलेले खांब, पुरायला हातभर खोल खड्डे झाले. मेढींवर आढे, आढ्यावरून वासे. मग कारवीच्या काठ्या एकीला एक भिडवून उभ्या, आणि त्यांना दोन्ही अंगांनी बांबूच्या कामट्यांची पकड. गाठीच्या जागी मात्र आजा-नातवाची जुंपली. नातवाने गिर्यारोहणातली गाठ मारली. ती खरोखर सुरेख, घट्ट बसली. म्हातारा म्हणाला, "आज घट्ट आहे. उद्या काठी वाळली की ढिली होईल, मग काय सोडून पुन्हा बांधशील?" त्याने दोरीचा वेढा दिला, त्यात एक लहान काटकी घालून पीळ भरला, आणि काटकीचे टोक कामटीत अडकवले. "ढिले झाले की फक्त काटकी फिरवायची." मुलगा ते पाहत राहिला. दोन-तीन वेळा त्याचा पीळ उलटा सुटला. चौथ्याला बसला.

आजी माती, शेण आणि भाताचे तूस तुडवून तयार करीत होती. मुली लिंपायला बसल्या. ओली भिंत एका रात्रीत वाळणार नाही, म्हणून खालचा अर्धा भागच लिंपला, वरच्या भागाला बाहेरून पेंढा लावला. छताचा पेंढा वळचणीपासून वर रचत नेला, म्हणजे वरचा थर खालच्याला झाकतो. भिंत आणि छत यांच्यामध्ये म्हाताऱ्याने चार बोटांची फट ठेवली. नातू ओरडला, "आजा, हेच ते भोक! छताला वारा खेळायला ठेवतात ते!" म्हातारा म्हणाला, "मग? धूर काय माणसाच्या नाकातून जाऊ द्यायचा?"

वारली घराची ही भिंत आपल्या सांस्कृतिक जगात फार हिंडून आली आहे. गेरूने सारवलेल्या याच मातीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, आणि तो मान सुवासिनींचा. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या काळात ती चित्रे कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज ती चित्रे हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात, चहाच्या कपांवर दिसतात. माझ्या मित्राच्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीवरही पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये नाचणारी माणसे आहेत. चित्र जगाने उचलले. ज्या भिंतीवर ते होते ती कशी उभी राहते, हे जाणणारी माणसे मात्र आता ओट्यावर बसली आहेत.

रात्री त्या खोपीत आम्ही आठ जण झोपलो. बाकीचे ओट्यावर आणि एका तंबूत. नातवाजवळ शिबिरातला तापमापक होता. पहाटे चार वाजता त्याने मला उठवले. बाहेर १३ अंश, आत १८. त्याला किती आनंद झाला म्हणून सांगू! "काका, पाच अंशांचा फरक! भिंत अर्धी ओली असताना!" शेकोटी आम्ही बाहेरच ठेवली होती; आत होती ती केवळ माणसांची ऊब, पेंढ्याचा वास आणि एकाचे घोरणे. तंबूत झोपलेले पाचच्या सुमारास कुडकुडत आत आले आणि आमच्या पायथ्याशी आडवे झाले.

सकाळी शेकोटीपाशी चहा झाला तेव्हा मुलाने धीर करून आजाला विचारले, "आजा, जुने घर पाडले म्हणून तुला वाईट वाटले ना?"

म्हाताऱ्याने जे उत्तर दिले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. तो म्हणाला, "छे! दर पावसाळ्याआधी छप्पर शेकारायचे, वाळवी झाडायची, पावसात भांडी मांडायची. नव्या घरात मी सुखाने झोपतो. घर पाडलेस ते बरे केलेस." मग विडी शिलगावून, जरा थांबून म्हणाला, "पण पाडताना तू मला विचारले नाहीस, ते बांधले कसे होते. हिमाचलात जाऊन परक्या माणसाला विचारलेस."

कोणी काही बोलले नाही. मुलाची मान खाली गेली. मला वाटते, आम्हा सगळ्यांच्याच गेल्या. कारण त्या शेकोटीभोवती बसलेल्यांत असा एकही नव्हता, मी धरून, की ज्याने आपल्या घरच्या म्हाताऱ्याला एखादी गोष्ट वेळेवर विचारली होती. माझे वडील उत्तम मोट शिवीत, असे मी लोकांना अभिमानाने सांगतो. चामड्याला टाके कसे घालतात, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

कोणी म्हणेल, यात गिर्यारोहणाचा काय दोष? काहीच नाही. उलट मला असे वाटते की तो मुलगा बर्फात झोपला नसता तर त्याला कूड कधी दिसलाच नसता. दूरच्या विद्येने त्याला जवळची विद्या ओळखायला शिकवले. तिकडे इनुइटांची मुलेही आता लाकडी, तयार घरांत राहतात. १९४९ साली कॅनडाच्या सरकारी चित्रपट मंडळाने 'हाऊ टु बिल्ड ॲन इग्लू' नावाचा दहा मिनिटांचा बोलपट काढला. डग्लस विल्किन्सन यांनी तो केला. त्यात दोन माणसे बर्फाची वीट कापण्यापासून घुमट मिटेपर्यंत सारे करून दाखवतात. चित्रपट राहील. पण सुरी कुठे थांबवायची आणि पीळ किती भरायचा, हे चित्रपटात दिसले तरी हाताला कळत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा हात शेजारी लागतो.

दुपारी मंडळी पांगू लागली. खोप पाडायची का, असा प्रश्न निघाला. आजी म्हणाली, राहू द्या, कोंबड्यांना होईल. म्हातारा भिंतीभोवती एक फेरी मारून आला, आणि रात्रीतून वाळून ढिल्या झालेल्या एका बंधाकडे बोट दाखवून नुसता उभा राहिला. नातू पुढे झाला आणि त्याने काटकी फिरवली.

निघताना म्हातारा मला वेशीपर्यंत पोचवायला आला. वाटेत त्याने मला विचारले, "तुमी पाहिला का तो बर्फ? मासळीवाल्याच्या पेटीत असतो तसलाच असतो का?" मी म्हटले, "नाही बाबा, मीही कधी पडताना पाहिला नाही. म्हणतात, कापसासारखा असतो." तो थोडा वेळ विचार करीत चालला. मग म्हणाला, "कापसासारखा असेल तर उबदार असणारच. पोरगा खोटे बोलत नव्हता."

पुढच्या हिवाळ्याची सहल ठरली आहे. सोळांपैकी ज्यांना रजा मिळेल ते हिमाचलात जाणार आहेत. परंतु त्याआधी दिवाळीनंतर, भात झोडून झाले की, आठ दिवस ओट्यावर शाळा भरणार आहे, आणि मास्तर कोण ते सांगायला नको. मला बोलावणे आहे. मी जाणार आहे. पीळ भरायला अजून मला जमलेला नाही.